एक सूत सोड

ज्योत्स्नाबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्या गोष्टीत जे बिघडलं त्यातला निम्मा वाटा माझ्या तोंडाचा आहे. मी भिमाजी. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप सांभाळतो. त्याआधी अंबडला एका कारखान्यात सतरा वर्षं फिटर होतो. मुलं मला समोर 'सर' म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. चप्पल घालून आलेल्या पोराला मी दारातूनच परत पाठवतो, संध्याकाळी सहाला कुलूप लावतो, आणि इंजिनिअर होऊ घातलेल्या माणसाला कानस धरता येत नसेल तर माझं डोकं फिरतं. हा राग कुणालाच आवडत नाही. माझ्या बायकोलाही नाही.

आमची मुलं दरवर्षी एक गाडी बनवतात. रस्त्यावरची नव्हे. छप्पर नाही, दारं नाहीत, नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा, त्यात एका माणसापुरती सीट, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन आणि चार जाडजूड चाकं. ही गाडी खड्डे, चिखल, धोंडे, ओंडके यांवरून सलग चार तास पळवायची. देशभरातून शंभरेक कॉलेजं आपापल्या गाड्या घेऊन इंदूरच्या पुढे एका मैदानावर जमतात. पळण्याआधी तपासणी असते. तपासनीस गाडीखाली झोपून एकेक जोड बघतात आणि पसंत पडली तर गाडीवर स्टिकर लावतात. स्टिकर नाही तर ट्रॅक नाही. आमची गाडी लागोपाठ दोन वर्षं तपासणीतच पडली होती. दोन्ही वेळा मुलं तोंडं पाडून परत आली, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "मी सांगितलं होतं." खरं म्हणजे सांगितलं नव्हतं.

ज्योत्स्ना येवल्याची. वडील मागावर पैठणी विणतात, आई रेशमाच्या कांड्या भरते. डिप्लोमा करून पोरगी थेट दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे आली. पहिल्यांदा दिसली ती वर्कशॉपच्या दारात. पायात बूट होते, केस घट्ट बांधलेले होते, म्हणजे हाकलायला काही निमित्त नव्हतं.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"काय नाय सर. बघायला आले."

बघायला येणारे पाच मिनिटांत मोबाइल काढतात. ही दीड तास जुन्या गाडीच्या सांगाड्याभोवती फिरली. प्रत्येक जोडावरून तिने अंगठा फिरवला. शेवटी मला म्हणाली, "सर, हा एक जोड वेगळ्या माणसाचा हाय ना?" तो माझा होता, मुलांना नमुना म्हणून मारलेला. चौसष्ट जोडांतला एक तिने नुसत्या अंगठ्याने ओळखला. मी म्हणालो, "उद्या ये. आठला." माझ्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक त्या वर्कशॉपने ऐकलेलं नाही.

आता टीमबद्दल. टीममध्ये मुलींना घेत, नाही असं नाही. पण मुलगी आली की तिच्या हातात पोस्टरचा ब्रश, रिपोर्टची फाइल आणि पाहुणे आले की गुच्छ. हा कुणी लिहिलेला नियम नव्हता, पडलेली वहिवाट होती, आणि खरं सांगतो, मलाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ज्योत्स्नानेही वर्षभर पोस्टरं रंगवली. बरी रंगवली. तिसरं वर्ष संपता संपता मात्र तिने टीमच्या बैठकीत टेबलावर ग्राफ पेपरची एक गुंडाळी ठेवली आणि उलगडली. अख्खी गाडी पेन्सिलीने काढलेली होती, वरून, बाजूने, मागून. पैठणीवरचा मोर आधी ग्राफ पेपरवर उतरतो, चौकटी मोजून मोजून, तसा तिने तो पिंजरा उतरवला होता. मुलं हसली. कॉम्प्युटरच्या जमान्यात ही बाई पट्टी-पेन्सिल घेऊन बसली म्हणून हसली. महिन्याभराने तिने तेच ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करून आणलं, कुठला पाइप किती भार घेतो त्याचे रंगीत नकाशे दाखवले, तेव्हा हसू थांबलं. मतदान झालं. सात विरुद्ध सहा मतांनी ज्योत्स्नाचं ड्रॉइंग घ्यायचं ठरलं.

कॅप्टन हर्षल त्या सहांतला होता. पोरगा वाईट नव्हे, कॉलेज रोडचा, हुशार, फक्त बोलताना जिभेला लगाम नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ठीक आहे. पण पडली तर कोणाचं ड्रॉइंग होतं ते सगळ्यांना कळेल."

त्या दिवशी ती वर्कशॉपात येऊन व्हाइसचं हॅन्डल उगाच फिरवत बसली. मी म्हणालो, "घाबरलीस?"

"माझं काय नाय सर. मी वर्षभरात पास होऊन जाईन. पण गाडी पडली तर म्हणतील, पोरीच्या हातात दिलं म्हणून पडली. मग माझ्या मागून येणाऱ्या पोरींना कोण पेन्सिल धरू देणार?"

तेव्हापासून त्या गाडीत माझा जीव अडकला, हे कबूल करतो.

काम झकास चाललं होतं. पिंजरा उभा राहिला, पुढची बाजू झाली. मागची चाकं ज्या दांड्यांवर झुलतात त्या बसवायच्या राहिल्या. दांडीच्या टोकाला एक नळकांडं असतं, त्याला बुश म्हणतात. हे बुश दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये बसतं, आणि त्या पट्ट्या पिंजऱ्याला वेल्ड केलेल्या असतात. आम्ही त्यांना कान म्हणतो. मागच्या बाजूला असे आठ कान. नेमकं तेव्हाच ओझरला माझ्या पुतणीचं लग्न निघालं आणि मी तीन दिवस रजेवर गेलो.

हळदीच्या गडबडीत ज्योत्स्नाचा फोन आला. "सर, कान मारायला घेऊ का?"

मांडवात स्पीकर बोंबलत होता. मी ओरडून सांगितलं, "घे. पण बुशच्या दोन्ही बाजूंना एक-एक सूत सोड. वायसर बसले पाहिजेत, आणि वेल्डिंगने कान आत ओढतात. कळलं ना, एक सूत!"

"कळलं सर. एक सूत."

आम्हा फिटर-सुतारांच्या भाषेत इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. तीन मिलिमीटरच्या वर थोडंसं. हे मला शिकवावं लागलं नव्हतं, म्हणून दुसऱ्याला शिकवावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिकडे हर्षलने तिला विचारलंही होतं म्हणे, सूत म्हणजे किती? आणि विणकराच्या पोरीने छातीठोक सांगितलं, "सूत म्हणजे सूत. धागा. माझ्या घरात रोज हातात असतोय." मग तिने खरोखरच बॅगेतून रेशमाचा धागा काढला, बुश आणि कान यांच्यामध्ये धरला, आणि तेवढीच फट सोडून आठही कान पक्के वेल्ड केले. जोड असे सुबक की नजर लागावी.

मी परत आलो, दांडी उचलली, आणि ती कानांत जाईना. हातोडीने ठोकली तेव्हा गेली, पण मग हलेना. चाक खड्ड्यातून वर-खाली झालं पाहिजे, ते जागच्या जागी गच्च. वायसरच्या चकत्या तर लांबच राहिल्या. स्पर्धेला निघायला नऊ दिवस होते.

"किती सोडलंस?" मी विचारलं.

"एक सूत." तिने धागा दाखवला.

माझ्या लक्षात सगळं आलं. हर्षलच्याही आलं, पण उलटं. तो ओरडला, "एवढं साधं माप कळत नाही? डिझाइन हेड म्हणवतेस!" बारा जण तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. आणि मी, येता-जाता पोरांना झापणारा, सगळ्यांना खरं बोला म्हणून सांगणारा मी, त्या वेळी गप्प बसलो. 'बघू उद्या' म्हणालो आणि कुलूप लावलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी आठला सगळे जमले. रात्रभर शब्द जुळवले होते, पण प्रत्यक्षात जे तोंडाला आलं ते बोललो. "सूत मी म्हणालो. फोनवर, लग्नाच्या मांडवातून. उंटावरून शेळ्या हाकल्या मी. जिच्या घरात सुताचा अर्थ धागा आहे ती धागाच सोडणार. तिला जो बोलला त्याने आधी मला बोलावं." हर्षलने मान खाली घातली. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ती उगाच बूट बांधू लागली.

मग मी माझ्या मते शहाणपणाचा तोडगा काढला. "बुश लेथवर घेऊ, दोन्ही बाजूंनी एक-एक सूत कमी करू. वायसर बसतील. रंग मारला की कुणाला दिसतंय?"

"नको सर," ती म्हणाली.

"का?"

"बुश आखूड झालं की पकड कमी होती. चार तास धोंड्यांवर आपटून ते कानांत खुळखुळंल. आन् दिसंल. आमच्याकडं गिऱ्हाईक पैठणी हातात घेतं ना, ती आधी उलटी करून बघतं. खऱ्या पैठणीला उलटी बाजू नसते सर, दोन्हीकडून सारखीच असती. विणताना चूक झाली तर माझे पप्पा ठिगळ नाय लावत. जिथं चुकलं तिथपर्यंत उकलतात. दोन दिवसांचं काम असलं तरी."

"अगं, ते रेशीम. हे लोखंड. लोखंड कसं उकलणार?"

"कापून," ती म्हणाली.

हर्षलने डोक्याला हात लावला. कान कापायचे म्हणजे पाइप घासला जाणार, घासलेला पाइप बारीक होणार, म्हणजे तो पाइपच बदलावा लागणार. पिंजऱ्याची मागची अख्खी बाजू. आठ दिवसांत! मलाही ते खूळ वाटलं. पण आदल्या दिवशी तोंड शिवून बसल्यावर आता विरोध करायला मला तोंड कुठे होतं? मी ग्राइंडर उचलला आणि तिच्या हातात दिला. ठिणग्या उडाल्या, आणि महिन्याभराचं काम तासाभरात जमिनीवर पडलं.

यानंतर जे घडलं ते मी चाळीस वर्षांच्या कामात पाहिलं नव्हतं. मागची बाजू उघडी पडल्यावर पोरगी तिच्यासमोर मांडी घालून बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "सर, हा खालचा आडवा पाइप आपण इतका खाली का घेतला होता?"

"तूच घेतला होतास."

"हो, पण का?" तिने ग्राफ पेपर मागवला. तो पाइप वर घेतला तर गाडीचं पोट जमिनीपासून दोन इंच उंच होत होतं आणि दोन तिरके पाइप वाचत होते. पूर्ण पिंजऱ्यात हे कुणाला दिसलं नव्हतं, तिलाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने सगळे भार कॉम्प्युटरवर तपासले आणि हर्षलपुढे ठेवले. त्याने दोनदा बघितले, तिसऱ्यांदा बघितले. मग कुणी सांगायच्या आत स्वतः उठून पाइप कापायला घेतले. माणूस हट्टी असला तरी समोर बरोबर दिसल्यावर डोळे मिटून घेणारा नव्हता.

चार दिवस वर्कशॉप नुसतं गजबजलं होतं. कुणी पाइपची तोंडं कानशीने गोलाईत बसवतंय, कुणी काटकोन बघायला गुण्या लावतंय, कुणी चहा आणतंय. मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं, 'माप फक्त मिलिमीटरमध्ये बोला', आणि तरी मीच दोनदा चुकलो. दोन्ही वेळा पोरांनी एका सुरात ओरडून मला पकडलं. या वेळी ज्योत्स्नाने फट सोडली ती कॅलिपरने मोजून, आणि वेल्ड गार झाल्यावर परत मोजून. शेवटच्या दोन कानांत दांडी घातली. हात सोडला. दांडी आपल्या वजनाने अलगद खाली झुकली, जराही न अडखळता. पोरांनी असा काही गलका केला की शेजारच्या लॅबमधले मास्तर धावत आले.

ओझरजवळ माझ्या भावाचं पडीक वावर आहे. तिथे दोन दिवस गाडी पळवली, आपटली, उडवली. चालवायला सार्थक होता, अंगाने काटकुळा आणि जिवाचा बिनघोर, अशा गाडीला हवा तसाच. नवव्या दिवशी गाडी ट्रकवर चढवली. नाशिकच्याच द्वारका चौकात नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने वर बघून विचारलं, "काय हे मामा? फवारणीचं यंत्र का?" एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी म्हणालो, "हो. शंभर गाड्यांवर फवारायचंय."

तपासणीच्या रांगेत मात्र माझी मस्करी आटली. आमच्या आधीच्या तीन गाड्या परत गेल्या. तपासनीस पांढऱ्या मिशांचे, फार बोलत नव्हते. ते पाठीवर झोपून आमच्या गाडीखाली सरकले. टॉर्च, छोटा आरसा. मागच्या जोडांवरून त्यांनी अंगठा फिरवला, एक चाक सोडवायला लावलं, दांडी हाताने वर उचलली आणि सोडून दिली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली.

"मागची बाजू नंतर बनवली आहे?" त्यांनी गाडीखालूनच विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. ज्योत्स्ना पुढे झाली. "हो सर. पहिल्यांदा चुकली होती. कापून नवीन केली."

"सगळी?"

"सगळी."

ते बाहेर आले, कपडे झटकले. "बहुतेक लोक घासून रंग लावतात," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी स्टिकर काढून तिच्या हातात दिला. लावायचा मान तिचा. तिने घाईघाईने लावला आणि स्टिकर वाकडा लागला. तो अजून तसाच वाकडा आहे.

शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी. स्टिकर मिळालेल्या एकसष्ट गाड्या एकदम सुटल्या आणि मैदानावर नुसता धुरळा. पहिल्या तासात दहा-बारा गाड्या बसल्या. कुणाचं चाक निखळलं, कुणाची चेन तुटली, एक तर ओढ्यात उलटी झाली आणि चालक हसत बाहेर आला. आमची फेरी मारून येई आणि जाई. ज्योत्स्ना कुंपणाला टेकून प्रत्येक फेरीला वहीत रेघ ओढत होती. खात नव्हती, बसत नव्हती.

तिसऱ्या तासाला सार्थक आला नाही. सात मिनिटांची फेरी, दहा झाली, पंधरा झाली. हर्षल नखं खात होता. जन्मात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हणत होतो, मी काहीच सांगितलं नव्हतं रे देवा, काहीच सांगितलं नव्हतं. ज्योत्स्ना डोळे मिटून उभी होती.

अठराव्या मिनिटाला धुळीतून गाडी आली. पुढचा बंपर वाकलेला, चिखलाने रंग ओळखू येईना, पण चारही चाकं झुलत होती. सार्थक न थांबता ओरडत गेला, "धोंड्यांत तीन गाड्या पोटावर अडकल्यात! रस्ताच बंद! मी वरून आलो!" वरून म्हणजे काठावरच्या मोठ्या धोंड्यांवरून, जिथून जायची कुणाची छाती नव्हती. ज्यांनी त्याच्यामागून प्रयत्न केला ते तिथेच टांगले गेले. आमच्या गाडीचं पोट दोन इंच उंच होतं. त्या दोन इंचांवर आम्ही त्या तासात चौदा गाड्या मागे टाकल्या.

चार तास पुरे झाले तेव्हा मैदानावर एकोणतीस गाड्या धावत होत्या, आणि आमचा नंबर नववा होता. दोन वर्षं ज्यांना स्टिकर मिळाला नव्हता त्यांची गाडी देशात नववी! पोरांनी सार्थकला उचललं, मग ज्योत्स्नाला उचललं, मग माझ्याकडे वळले तेव्हा मी ठणकावून सांगितलं की कंबर दुखते. हर्षलने लाउडस्पीकरवाल्याच्या हातातला माइक जवळजवळ हिसकावून घेतला आणि अख्ख्या मैदानाला ऐकवलं, "ड्रॉइंग ज्योत्स्नाचं! येवल्याची ज्योत्स्ना! मी विरोधात मत दिलं होतं, आणि मी गाढव आहे!" लोक हसले, टाळ्या पडल्या. मी रडलो. उगाच डोळ्यांत धूळ गेली वगैरे सांगत नाही. रडलो.

दुपारी आम्ही सामान आवरत होतो. एक मुलगी आली, अंगात दुसऱ्या कॉलेजचा टी-शर्ट, हातात वही. अकोल्याकडची, बोलण्यावरून कळलंच. "ताई, नाशिकच्या गाडीचं ड्रॉइंग तुम्हीच केलं ना?"

"हो. का गं?"

"आमच्या टीममधले पोट्टे मला ड्रॉइंगला हात लावू देत नाहीत. म्हणून तुम्हाला बघायला त्यांनाच घेऊन आली." तिने मागे बोट दाखवलं. तिथे चार मुलं उभी होती, टोप्या हातात घेऊन, शाळेत उशिरा पोचल्यासारखी.

ज्योत्स्नाने त्या मुलीला आपल्या शेजारी गाडीखाली घेतलं. मुलांना म्हणाली, "तुम्ही पण या. वाका जरा." चौघेही मुकाट्याने मातीत आडवे झाले. मग तिने त्या मुलीचा हात धरला आणि जोडावर ठेवला. ट्रकवाला गाडी चढवायची घाई करत होता. मी त्याला चहाला घेऊन गेलो आणि दोन कप सावकाश प्यायला लावले.